पावसाळ्यात खिशात जुना स्लिपजॉइंट (लॉक नसलेला, स्प्रिंगवर मिटणारा घडीचा चाकू): फुगलेला ओपिनेल, बोथट स्टॉकमन आणि पोलीस

खिसाभर

राहणं ठाण्यात. संग्रहातले तीन चाकू आळीपाळीने खिशात असतात. काम साधंच: डब्यातलं फळ, पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, पेन्सिल.

१) ओपिनेल नं. ८, लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू, कार्बन (गंजणाऱ्या) पोलादाचं पातं. जून लागला की उघडत नाही, नख तुटायची पाळी येते.
२) केस या अमेरिकी कंपनीचा मीडियम स्टॉकमन (तीन पात्यांचा), मॉडेल ६३१८. मोठ्या पात्याची धार बरोबर मधोमध बोथट होते. दोनदा सहाणेवर घेतला, आठवड्यात पुन्हा तेच. टँगवर (पात्याच्या सांध्याकडच्या बुडावर) नावाखाली सात ठिपके आहेत, एसएस (स्टेनलेस) वगैरे काही नाही. पात्यावर तांबूस डाग पडू लागलेत.
३) व्हिक्टोरिनॉक्स पायोनियर, अ‍ॅलॉक्स (अ‍ॅल्युमिनियमची मूठ). याची तक्रार काहीच नाही, म्हणूनच मजा नाही.

रोजचा म्हणून यातला एकच ठेवायचा तर कुठला? आणि लोकलमधून नेताना कायद्याची अडचण येते का?

सहाणवाला

स्टॉकमनपासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकीचा इलाज चाललाय.

मधोमध बोथट होणं हा धार लावण्यातला दोष नाही. पातं 'खट्' करून मिटतं तेव्हा धार आतल्या पाठीच्या स्प्रिंगवर आपटते. टँगच्या बुडाशी धारेच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. पातं मिटल्यावर ही किक स्प्रिंगवर टेकते आणि धार अधांतरी राहते. पण जोरात मिटवलं की स्प्रिंग क्षणभर दबते, पातं केसभर जास्त आत जातं आणि पोटाचा भाग ठोकला जातो. किक झिजली असेल तर हळू मिटवूनही धार टेकते.

कुठला प्रकार आहे ते असं बघा. धारेच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढा. पातं बोटांनी धरून शेवटपर्यंत हळू मिटवा, उघडा, शाई बघा. मग नेहमीसारखं सोडून मिटवा, परत बघा. फक्त दुसऱ्या वेळी शाई उडाली तर दोष सवयीचा. पहिल्यांदाच उडाली तर किकचा.

सवयीचा असेल तर इलाज फुकट आहे: शेवटचा सेंटीमीटरभर पातं सोडायचं नाही. 'टॉक' (मिटतानाचा तो 'खट्' आवाज) ऐकायला सगळ्यांनाच आवडतो, पण त्याची किंमत धार देते.

आधी झालेलं नुकसान काढताना फक्त मधला भाग घासू नका. तिथे खड्डा पडतो आणि पाटावर कापताना मध्ये फट राहते. टाचेपासून टोकापर्यंत सलग ओढ, १००० ग्रिटच्या दगडावर, दर बाजूला १५ ते २० अंश. कोन मापायला कंपास नको: पातं आडवं ठेवून त्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश उचलली की २० अंशांच्या आसपास येतो. एका बाजूला पूर्ण लांबीभर बर (धारेवर उलटलेली पोलादाची बारीक कड) लागेपर्यंत घासा, मगच बाजू बदला. बर दिसत नाही, अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवला की नखाला अडकते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट लावून दहा-बारा ओढी, पाठ पुढे ठेवून.

किकचा दोष असेल तर मुठीच्या खाचेत, धार टेकते तिथे, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चामड्याची चकती चिकटवतात. किक मात्र कानशीने घासू नका. घासली की पातं आणखी खाली बसतं आणि नखाची खाच मुठीत बुडते.

तीन पाती दोन स्प्रिंगांवर असतात म्हणून ती कारखान्यातच किंचित वाकवलेली असतात. 'तिरकं दिसतंय' म्हणून पक्कड लावून सरळ करू नका, शेजारच्या पात्याला घासायला लागतील.

आणि सायकलवाल्या धारवाल्याच्या चाकावर हा चाकू नकोच. कोरड्या चाकावर टोक दोन सेकंदांत तापतं. निळा रंग दिसला म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तेवढा भाग नंतर कितीही पाजवा, धार टिकणार नाही.

गंजपुराण

सहाणवाल्यांशी सहमत, चकती सोडून. ठाण्यात जुलै-ऑगस्टात खाचेतलं चामडं ओलावा धरून बसतं आणि धार नेमकी त्याच्यावर टेकलेली. बोथटपणा जाईल, गंज येईल. त्यापेक्षा इपॉक्सीचा बारीक ठिपका बरा, आणि तोही हळू मिटवून भागत नसेल तरच.

आता डाग. निळसर-करडा थर म्हणजे पॅटिना, तो राहू द्या. तांबूस, बोटाला लागणारा असेल तर गंज. खिशातल्या चाकूला पावसापेक्षा घाम जास्त मारतो, त्यातलं मीठ टँगच्या सांध्यात साचतं. ताजा गंज तेलाचा थेंब टाकून दहा मिनिटांनी तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडला की निघतो, पोलाद ओरखडत नाही. पॉलिश पेपर आणि बफ मात्र लांब ठेवा.

तेल कुठलं? औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. वास नाही, चिकट होत नाही, फळाला लागलं तरी बिघडत नाही. शेंगदाणा, करडई, तीळ ही तेलं सांध्यात घट्ट होऊन गोंदासारखी चिकटतात. खोबरेल इतकं चिकटत नाही, पण खवट होतं आणि थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं तेल सांध्याला उत्तम, पण त्याच चाकूने पेरू कापायचा असेल तर नको.

महिन्यातून एकदा सांधा धुवायचा. टूथपिकने खिशातला कापूस काढा (त्याची गादी किती होते ते बघून आश्चर्य वाटेल), कोमट साबणपाण्यात फक्त सांध्याकडची बाजू हलवा. हाडाची मूठ गरम पाण्यात बुडवायची नाही, पिनांपाशी तडे जातात. पुसा, वाळवा, टँगच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब, वीस वेळा उघडझाप. काळं तेल बाहेर येईल. कापडाला डाग पडेनासा होईपर्यंत हेच पुन्हा.

ओपिनेल: बीचचं लाकूड पाणी पितं आणि पात्याला दोन्हीकडून आवळतं. आत्ता अडकला असेल तर कडं (पातं लॉक करणारं सांध्यावरचं फिरतं वळं) उघड्या स्थितीत फिरवा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका. पातं एवढं वर येतं की पकडता येतं. ओपिनेलच्या गावचे, फ्रान्समधल्या सॅव्हॉयचे लोक असंच उघडतात. ओव्हन, ऊन, हेअर ड्रायर यातलं काही नको, मूठ चिरते. पंख्याखाली दोन दिवस.

कायमचा उपाय: बाहेरचं फिरतं कडं पकडीने काढा, पात्याला टेप गुंडाळा, पातळ पुठ्ठ्याला २२० चा पॉलिश पेपर लावून खाचेच्या दोन्ही भिंती घासा, दर बाजूला पाच-सहा ओढी, मग तपासा. जास्त घासलात तर कोरड्या दिवसांत पातं खुळखुळेल, म्हणून ऐन पावसात घासू नका, डिसेंबरात करा. मग सांध्याकडचं टोक वितळलेल्या पेट्रोलियम जेलीत पंधरा मिनिटं. ती लाकडात मुरते आणि पाणी अडवते. बाकी मुठीला जवसाचं कच्चं तेल, तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये किमान एक दिवस. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघडे पसरून वाळवा.

कलमकसाई

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक वापराची वगळून. तुमचे तिन्ही चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. पण एवढं वाचून निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात आणि त्या कलमात 'चाकू' हा शब्द मापाशिवाय आहे. सण, निवडणूक, बंद अशा वेळी आपल्या आयुक्तालयाचा आदेश बघा, लागू असेल तर चाकू घरी. 'फळ कापायला' हे उत्तर तेव्हा उपयोगाचं नाही.

दिल्लीला जाणार असाल तर १९८० ची वेगळी अधिसूचना आहे: बटणाचे, गरारीचे (दात्यांवर अडकणारे), स्प्रिंगचे चाकू, पातं ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठं. विमानात हातातल्या बॅगेत यातलं काहीही नको.

लेस्टरकर

इकडे यूकेत उलट हिशेब आहे, इथे येणाऱ्यांसाठी लिहितो. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम १३९ नुसार घडीचा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धारेचा खिशातला चाकू सोबत असायला कारण द्यावं लागत नाही. पात्याला लॉक असेल तर न्यायालयांनी तो 'घडीचा' मानलेला नाही. म्हणजे नं. ८ दोन्हीकडून बाद: पातं ८.५ सेंमी आणि वर कडं. नं. २ ते ५ ना कडं नसतं, नं. ५ चालतो. पाऊस इथेही आहेच, मूठ तशीच फुगते.

टँगवाचक

सात ठिपक्यांकडे कुणी बघितलंच नाही! केसने १९७० साली नावाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी केला. सात म्हणजे १९७३. आकड्यात ६ म्हणजे हाडाची मूठ (त्या काळात डेलरिन या प्लास्टिकलाही हाच आकडा पडायचा, भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली तर हाड), ३ म्हणजे तीन पाती, १८ हा पॅटर्न. एसएस नाही म्हणजे कार्बन पातं.

माझं मत: आधीच वापरलेला, धार लावलेला आहे, तर बिनदिक्कत वापरा. 'मिंट'चा (न वापरलेल्या, कोऱ्या चाकूचा) भाव गेलेलाच आहे. जपायचं ते टँगवरचं अक्षर आणि पात्यांची पूर्ण रुंदी. घरी ठेवताना चामड्याच्या खोळीत ठेवू नका, मुठीच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर (लायनरवर) हिरवं चढतं. सेल्युलॉइड मुठीचा एखादा चाकू असेल तर तो बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर. त्यातून निघणारी वाफ शेजारच्या चाकूंना गंजवते.

खिसाभर

शाईची चाचणी केली. हळू मिटवल्यावर रेघ शाबूत, सोडून मिटवल्यावर मधला साधारण एक सेंटीमीटर साफ. म्हणजे सवय. भिंगाखाली मुठीत छिद्रं दिसतात. ओपिनेल डिसेंबरपर्यंत डब्यात. एक शंका: स्टॉकमनची तीन पाती, कामं कशी वाटायची?

सहाणवाला

फळाला मोठं क्लिप पातं, कापून झालं की लगेच पुसायचं. चिकटपट्टी आणि पुठ्ठ्याला सरळ धारेचं शीपफूट. पुठ्ठा धार खातो, आणि सरळ धार परत लावायला सगळ्यात सोपी. तिसरं, स्पे पातं पेन्सिलीला. कैरी-लिंबाच्या दिवसांत मात्र पायोनियर न्या.