सीपॅपचा नाकाचा मास्क लावूनही पहाटे तोंडातून हवा जाते – मदत हवी आहे

ओंजळ
नमस्कार मंडळी. बाबांसाठी (वय ६७) विचारते आहे. झोपेत श्वास अडण्याचा त्रास तीव्र आहे, स्लीप स्टडीत एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा) ४२ आला होता. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन) सुरू करून दोन महिने झाले. लागेल ती माहिती एकदमच देते.

मशीन एअरसेन्स १०, ऑटोवर (प्रेशर गरजेनुसार स्वतःच कमी-जास्त करतं), प्रेशर ६ ते १६. मास्क फक्त नाकावरचा, मध्यम आकाराचा. सकाळी पडद्यावर एएचआय ९ ते ११ दिसतो, गळती मिनिटाला ३८ ते ४४ लिटर, प्रेशर साडेतेराच्या आसपास. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) ३ वर, पाइप साधा. पाठीवर झोपतात, डोक्याखाली दोन उशा. मिशा आहेत. वरची कवळी रात्री काढून ठेवतात. बीपीची गोळी चालू आहे. उजवी नाकपुडी रात्री चोंदते.

पहाटे तीनच्या सुमारास तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळ्याला चिकटते. मग ते मास्क काढून ठेवतात आणि पुढची झोप मशीनशिवाय होते. विक्रेता म्हणतो नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्या. नात्यातल्या एकांनी तोंडावर चिकटपट्टी लावायला सांगितलं. हनुवटीचा पट्टाही मिळतो म्हणे. यातलं आधी काय करावं?

रात्रपाळी
ओंजळताई, तिन्हीपैकी काहीही विकत घेण्याआधी हवा तोंडातूनच जाते आहे की मास्कच्या कडेने, हे नक्की करा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मशीनमध्ये एसडी कार्ड आहे का बघा. नसेल तर आजच घाला, कारण श्वासाचा बारीक आलेख फक्त कार्डावरच साठतो. तीन-चार रात्रींनंतर कार्ड काढा, त्याच्या कडेची कुलपाची छोटी खिटी सरकवून ते बंद करा आणि मगच संगणकात घाला. नाहीतर संगणक त्यावर स्वतःच्या फायली लिहून ठेवतो. ऑस्कर नावाची मोफत प्रणाली हे कार्ड वाचते. कार्ड मशीनमध्ये परत घालताना खिटी आठवणीने उघडा, नाहीतर रात्र नोंदलीच जाणार नाही.

ऑस्करमध्ये गळतीचा आलेख उघडा. मास्कची कड सुटली तर रेघ सहसा काटेरी, वेडीवाकडी दिसते आणि कूस बदलली की खाली येते. तोंड उघडलं असेल तर ती एकदम वर चढते, पठारासारखी दहा-वीस मिनिटं सपाट राहते आणि तशीच एकदम खाली उतरते. मग त्या पठारावर श्वासाचा आलेख मोठा करून पाहा. श्वास घेतल्याचा वरचा उंचवटा नेहमीसारखा, पण सोडल्याचा खालचा खळगा अर्धवट किंवा गायबच असेल, तर हवा नाकाने आत जाऊन तोंडावाटे बाहेर पडते आहे. ती मशीनकडे परत येतच नाही, म्हणून खळगा दिसत नाही.

या मशीनवर २४ लिटरच्या वरची गळती जास्त धरतात. हा आकडा नको असलेल्या गळतीचा आहे. मास्कच्या बारीक छिद्रांतून सतत जाणारी हवा त्यातून आधीच वजा केलेली असते. ती छिद्रं उच्छ्वास बाहेर टाकण्यासाठी असतात, ती कधीही बुजवू नका. ही वजाबाकी मास्कच्या प्रकारानुसार होते, म्हणून मशीनच्या ‘माय ऑप्शन्स’मध्ये मास्क ‘नेझल’ (नाकाचा) निवडलेला आहे ना, तेही तपासा. दुसऱ्या काही कंपन्यांची मशीन्स एकूण गळती दाखवतात, तिथे २४ चा हिशेब लागू पडत नाही.

आणखी एक. इतकी गळती असताना ९ ते ११ या एएचआयवर विसंबू नका. मोठ्या गळतीत मशीनला श्वास नीट वाचता येत नाही.

नाकाडोळ्यांचं
तुमच्या माहितीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे: उजवी नाकपुडी चोंदते. नाक बंद असताना तोंड मिटवणं म्हणजे घराचं एक दार बंद असताना दुसऱ्यालाही कडी घालणं. आधी नाक.

चोंदलेल्या नाकामुळे तोंड उघडतं हे सगळ्यांना माहीत असतं. उलटंही घडतं, ते फार जण लक्षात घेत नाहीत. तोंडातून हवा निसटू लागली की मशीन ती भरून काढायला नाकातून आणखी जोरात हवा सोडतं. उच्छ्वास नाकावाटे परत येत नसल्याने नाकाला त्यातला ओलावा आणि ऊबही मिळत नाही. आतलं अस्तर थंड आणि कोरडं पडतं, सुजतं, नाक आणखी बंद होतं आणि तोंड आणखी उघडतं. पहाटे तीनपर्यंत हे चक्र चांगलं फिरलेलं असतं.

झोपण्याच्या वेळी स्टीलचं थंड ताट नाकाखाली आडवं धरा आणि बाबांना नाकाने श्वास सोडायला सांगा. ताटावर वाफेचे दोन डाग उमटतील. उजवा डाग सारखाच लहान राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पडदा वाकडा असणं, आतले मांसल भाग सुजणं, मस्सा वाढणं, यातलं काय आहे ते आत पाहिल्याशिवाय कळत नाही.

तोवर घरी करण्यासारखं:

मिठाच्या पाण्याने नाक धुणं. २४० मिली पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्या. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी न उकळता वापरू नका. मीठ सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे छोट्या चमच्याच्या अर्ध्याला थोडं कमी. औषधांच्या दुकानात मोजून भरलेल्या पुड्या मिळतात, त्या बऱ्या. मीठ कमी पडलं की झोंबतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी नको म्हणतो. बेसिनवर वाकून, तोंड उघडं ठेवून, हळू धार सोडायची. मास्क लावण्याच्या तासभर आधी करा, म्हणजे उरलेलं पाणी गळून जाईल. नंतर नाक जोरात शिंकरू नका, कान दुखतो.

नाक पटकन मोकळं करणारे थेंब मात्र रोजचे करू नका. चार-पाच दिवसांपलीकडे गेलं की थेंबांनीच नाक चोंदू लागतं. बीपी असल्यामुळे सर्दीच्या गोळ्याही मनाने देऊ नका. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा फवारा दिला तर त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारा, फवाऱ्याचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की रक्त येतं.

ह्युमिडिफायर ३ वरून ५ करा, दोन रात्री बघून ६. पाइपात पाणी साचून गुडगुड आवाज आला तर पाइपाला कापडाची खोळ घाला आणि मशीन गादीच्या पातळीखाली ठेवा. तापणारा पाइप परवडत असेल तर घ्याच. तो २७ अंशांवर ठेवला की कोरड्या थंडीत किंवा एसीच्या खोलीत मोठा फरक पडतो. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज नवं.

मोगरा२१
मास्कबद्दल थोडं. झोपण्याआधी चेहऱ्याला तेल किंवा कोल्ड क्रीम नको, सिलिकॉन त्यावर घसरतं. साबणाने चेहरा धुऊन, कोरडा करून मग मास्क. मास्कची गादीही रोज सौम्य साबणाने धुवा. पट्टे आवळून गळती थांबत नाही, गादी चेपली जाते आणि कड उचलते. आडवं झाल्यावर मशीनवरचं ‘मास्क फिट’ (मास्क नीट बसतो का ते बघायची सोय) सुरू करायचं, मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचलून पुन्हा अलगद टेकवायचा, म्हणजे गादी हवेने फुगून बसते. मिशा वरच्या ओठाच्या कडेला कातरून बारीक ठेवल्या तरी पुष्कळ.

पिंपळपार
दोन उशा हे मोठं कारण असू शकतं. हनुवटी छातीकडे झुकली की घसा अरुंद होतो, मशीन प्रेशर वाढवतं आणि वाढलेलं प्रेशर ओठ उघडतं. एक पातळ उशी द्या, कुशीवर झोपवा. पाठीवर वळू नयेत म्हणून पाठीमागे लोड ठेवता येतो.

हनुवटीच्या पट्ट्याबाबत: जो पट्टा हनुवटीवरून मानेमागे जातो तो जबडा मागे ओढतो, जीभही मागे सरकते, म्हणजे ज्यासाठी मशीन लावलं तेच बिघडतं. हनुवटीखालून सरळ डोक्याच्या माथ्याकडे वर जाणारा पट्टा हवा. तोही फक्त जबडा पडू देत नाही, ओठ मिटवत नाही. मिटलेल्या जबड्यातही गाल फुगून ओठांतून फुर्र आवाज येत हवा जाते.

त्यापेक्षा मानेचा मऊ फोमचा कॉलर बरा, मेडिकल दुकानात मिळतो. सैल बांधायचा, गळ्याशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. त्याचं काम हनुवटी खाली झुकू न देणं एवढंच. मानेचं काही दुखणं असेल तर आधी विचारून.

ओंजळ
मनापासून आभार. कार्ड मशीनमध्ये होतंच, आलेख पाहिला. दीडपर्यंत गळती जवळजवळ शून्य. २:५० ला रेघ एकदम ४० च्या वर जाते आणि ३:२५ पर्यंत सपाट राहते. खालचा खळगा दिसत नाही, अगदी सांगितलंत तसंच. ताटावर उजवा डाग डाव्याच्या निम्मा आहे. मास्कची निवड ‘फुल फेस’ (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) होती, ती बदलली.

चिकटपट्टीचं काय? बाबा तयार आहेत.

रात्रपाळी
मग तोंडच. पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेचे टप्पे लांबतात, त्यात स्नायू सगळ्यात ढिले असतात आणि जबडा सुटतो. म्हणूनच दीडपर्यंत सगळं ठीक आणि तीनला घोटाळा.

चिकटपट्टी आज नको. उजवी नाकपुडी निम्मी बंद असताना तर नाहीच. नाक मोकळं झाल्यावरही छातीत जळजळ, उलटीची शक्यता, मद्य, झोपेची गोळी, फिट येण्याचा इतिहास किंवा स्वतःच्या हाताने पट्टी काढता न येणं, यातलं काहीही असेल तर तोंड चिकटवायचं नाही. आपल्याकडे आणखी एक धोका म्हणजे वीज जाणं. मशीन बंद पडलं की नाकाच्या मास्कमध्ये ताजी हवा फक्त त्या बारीक छिद्रांतून येते, आणि तोंड चिकटवलेलं असतं.

मोगरा२१
थोडा मतभेद. नाक साफ असेल, डॉक्टरांची परवानगी असेल आणि मशीन इन्व्हर्टरवर असेल तर पट्टीचा उपयोग होतो. फक्त सबंध तोंड झाकू नये. एक इंची कागदी मायक्रोपोर चिकटपट्टीचा एकच तुकडा, नाकाखालून हनुवटीपर्यंत उभा, ओठांच्या मध्यावर. दोन्ही बाजूंनी तोंड मोकळं राहतं, खोकला आला तर ओठ उघडतात. खालचं टोक दुमडून पकडायला कान ठेवा. सकाळी कोमट पाण्याने ओली करून काढायची, ओरबाडायची नाही. पहिल्यांदा संध्याकाळी जागेपणी अर्धा तास लावून पाहावी. मिशांवर मात्र ती धड चिकटत नाही, तेव्हा बाबांच्या बाबतीत तसाही फारसा उपयोग दिसत नाही.

रात्रपाळी
त्या अटींसह मान्य. वीज आणि नाक, या दोन अटी सोडू नका एवढंच.

नाकाडोळ्यांचं
जिभेचाही एक साधा सराव करून घ्या. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे जिथे टेकतं, तिथे ते ठेवून सगळी जीभ टाळ्याला चोखून धरायची, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. जीभ अशी वर असली की ओठ थोडे उघडले तरी हवेला तोंडाकडे वाट मिळत नाही. दिवसा टीव्ही बघताना मशीन आणि मास्क लावून वीस मिनिटं. झोपेत हे टिकेलच असं नाही, आणि आठवड्याभरात फळ दिसत नाही, पण चालू ठेवावं.

कवळीबद्दल दातांच्या डॉक्टरांना विचारा. वरची कवळी काढली की ओठाचा आधार जातो, तो आत पडतो. मग ओठ नीट मिटत नाहीत आणि मिशांखालची मास्कची कडही सैल बसते. हिरड्यांना विश्रांती हवी म्हणून रात्री काढायला सांगतात. तीच विश्रांती दिवसा काही तास देऊन, कवळी स्वच्छ घासून रात्री घालणं चालेल का, हा प्रश्न नेमका विचारा.

ओंजळ
आणि मोठा मास्क? विक्रेत्याचा फोन रोज येतो आहे.

पिंपळपार
उपचार करूनही नाक उघडत नसेल तर तोच बरोबर. पण आधी नाही. तो पुष्कळदा जबडा मागे ढकलतो, जास्त प्रेशर लागतं आणि कड लांब असल्याने गळायला जागाही जास्त. तुमच्याकडे साडेतेरा आधीच आहे. घ्यायचाच झाला तर नाकाखालून बसणारा प्रकार बघा, नाकाच्या दांडीवर भार येत नाही. माप तोंड किंचित उघडं ठेवून घ्यायचं आणि घरी रात्रभर वापरून बदलता येईल अशा बोलीवरच पैसे द्यायचे. त्याला एक झडप असते, वीज गेली की ती उघडते आणि बाहेरची हवा येते. बसवण्याआधी ती हलते ना, हे बोटाने बघा.

रात्रपाळी
आता क्रम. आजपासून नाक धुणं आणि ह्युमिडिफायर ५. चार रात्री दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मग एक उशी आणि कूस, पुन्हा चार रात्री. मग कॉलर. दरम्यान कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घ्या.

प्रेशर घरी बदलू नका. झोपेच्या डॉक्टरांकडे २:३० ते ३:३० चा आलेख मोठा करून छापून न्या: गळती, प्रेशर आणि श्वास, एकाखाली एक. गळती सुरू होण्याच्या आधीची दहा मिनिटं त्यात दिसली पाहिजेत. प्रेशर आधी चढलं आणि मग तोंड उघडलं असेल तर कमाल १६ वरून खाली आणायचं का, असा प्रश्न आहे. तोंड आधी उघडलं असेल तर प्रेशरला हात लावण्यात अर्थ नाही, जबडा आणि नाक बघायचं. आणि मास्कची निवड कोणत्या तारखेला बदललीत ते कागदावर लिहून ठेवा. त्याआधीचे गळतीचे आकडे नंतरच्यांशी ताडता येणार नाहीत.