मदत हवी आहे: जूनमधला मृग आणि डिसेंबरमधला मृग मुलांना कसा उलगडून दाखवावा?

मी माण तालुक्यातील एका गावात सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. येत्या हिवाळ्यात मुलांना आकाशाची ओळख करून देण्याचा विचार आहे. आमच्याकडे आकाश चांगले काळे असते. मात्र ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर असल्यामुळे तो उत्तरेच्या डोंगराआड जातो आणि सप्तर्षी डिसेंबरच्या संध्याकाळी उगवलेलेच नसतात. म्हणून सुरुवात मृगापासून करावी, असे ठरवले आहे.

अडचण येते ती मुलांच्या एका रास्त प्रश्नामुळे. घरी सगळे म्हणतात की 7-8 जूनला मृग लागतो आणि पेरणीचे दिवस येतात. मग मृगाचे तारे थंडीत कसे दिसतात? त्या सुमारास सूर्यच मृगाच्या भागात असल्याने ते तारे त्याच्याबरोबर उगवतात आणि मावळतात, हे मी सांगितले. पण सांगितलेले आणि पटलेले यांत अंतर राहिलेच. वर्गात मध्यभागी दिवा ठेवून, भिंतींवर 27 नक्षत्रांच्या चिठ्ठ्या लावून मुलांना दिव्याभोवती फिरवले, तर त्यातून नवाच गैरसमज निघाला: डिसेंबरमध्ये आपण मृगाच्या जवळ जातो, म्हणून तो दिसतो! पृथ्वीच्या कक्षेचा व्यास प्रकाश सुमारे 17 मिनिटांत पार करतो, तर मृगातला राजन्य (रायजेल) हा तेजस्वी तारा आठशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे, हे प्रमाण कोणत्याही वर्गखोलीत मावणारे नाही.

सध्याची योजना अशी आहे की डिसेंबर ते एप्रिल दर महिन्याच्या अमावास्येच्या आसपास, बरोबर रात्री आठ वाजता, शाळेच्या मैदानातील एकाच जागेवरून मृगाच्या पट्ट्यातील तीन तारे क्षितिजापासून किती वर आहेत ते मुलांनी ताणलेल्या हाताच्या मुठीने (एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश) मोजून वहीत काढावे. तारे रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर उगवत असल्याने मृग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत सूर्यास्ताला येऊन मिळतो, हे वहीतूनच दिसावे.

जाणकारांनी कृपया सांगावे: पाच नोंदींवरून या वयाची मुले जूनपर्यंतचा अंदाज बांधू शकतील का, की पंधरवड्याला नोंद हवी? दिव्याच्या प्रयोगातला तो गैरसमज कोणी कसा टाळला आहे? एका माजी विद्यार्थ्याने दुर्बीण देऊ केली आहे. माझ्या मते पहिल्या वर्षी तिच्याऐवजी 10×50 ची (दहापट मोठे दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री घेऊन कृत्तिकांचा तारकागुच्छ दाखवावा. अनुभव वेगळा असल्यास अवश्य लिहावे.