अँटिव्हायरसने तुमचं कामाचं काही उडवलंय का? अनुभव सांगा

रामबागवाली (इंदूर)
काल भाच्याच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात चौकट उगवली, "धोका हटवला", आणि ब्राउझरमधलं डिक्शनरीचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, ॲड-ऑन म्हणतात तेच) गायब. तो गेम खेळत होता, त्याला पत्ताच नाही. मला मात्र आमच्या मंडळाची स्मरणिका आठवली आणि पोटात गोळा आला.

जुन्या सभासदांनी हाताने लिहून दिलेल्या आठवणी मी ब्राउझरमध्येच टाइप करत होते, मराठी टायपिंगच्या ॲड-ऑनमधून. त्यात माझी शब्दयादी होती. आडनावं, गल्ल्या, होळकरांच्या वेळची खाती, ॲड-ऑन दर वेळी चुकीचे सुचवायचं असे सगळे शब्द. एका दुपारी अँटिव्हायरस अपडेट झाला आणि ॲड-ऑन साफ. विचारलंसुद्धा नाही! दुकानातला मुलगा म्हणाला, काकू नवीन टाकून देतो. टाकलं त्याने, पण यादी गेली ती गेलीच. त्यातले कितीतरी शब्द ज्या आजोबांनी सांगितले होते ते आता नाहीत. तुमचं काय गेलं? परत मिळालं का?

दांडियाबाजार
पासवर्ड सांभाळणारं एक्स्टेंशन. लाइटबिलाची शेवटची तारीख होती. फोनवर तेच ॲप होतं म्हणून वाचलो. बडोद्यात उकाडा काय आहे विचारू नका.

लष्करकर
ताई, घात दुकानात झाला. अँटिव्हायरस बहुतेक वेळा फाइल पुसत नाही, क्वारंटाइनमध्ये कोंडून ठेवतो. तिथे जाऊन रिस्टोअर करायचं आणि ते फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत टाकायचं, नाहीतर पुढच्या स्कॅनला परत उचलतो. क्रोममध्ये फायली हलल्या की एक्स्टेंशन करप्ट झालंय असं म्हणून रिपेअर देतं. रिपेअर दाबा, रिमूव्ह अजिबात नाही. तुम्ही भरलेला मजकूर बहुतेक वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो रिमूव्हबरोबर जातो.

रामबागवाली (इंदूर)
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आमच्याकडे सगळे फक्त "फॉरमॅट मारून घ्या" म्हणत होते.

पिहूची आई
फॉरमॅट 😂 सर्दी झाली तरी फॉरमॅट

बिनसाखरेचा चहा
पण टायपिंगच्याच ॲड-ऑनवर का राग?

लष्करकर
कारण ते प्रत्येक कळ ऐकतं. त्याशिवाय रोमनचं देवनागरी करणार कसं? कळा चोरणारे प्रोग्रामही तेच करतात. अँटिव्हायरस दोन गोष्टी बघतो, ओळखीची खूण आणि संशयास्पद वागणूक. वागणुकीवरून पकडायला गेला की निरपराध सापडतात.

नारायणबाग माहेर
रामबागवाली, तुमच्या त्या स्मरणिकेत हळदीकुंकवाचा जुना फोटो आहे का? काळ्या काठाच्या नऊवारीतल्या माझ्या आजी असाव्यात.

रामबागवाली (इंदूर)
आहे! मागच्या पानांत. पाठवते, दळण आणून मग.

जुना हार्डवेअरवाला
ॲड-ऑन तर लहान गोष्ट. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही गरजेची फाइलच व्हायरस ठरवली होती. जगभर मशीनं रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकली, नेटवर्क बंद. आणि ॲड-ऑन गायब झाली की दर वेळी अँटिव्हायरसच असतो असंही नाही. मे २०१९ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर ज्या डिजिटल सहीवरून ॲड-ऑन खरी आहेत का ते तपासतो, तिचं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि लोकांची ॲड-ऑन एकदम बंद पडली.

सावधान_शुक्रवार
मी उलट बोलतो, रागावू नका. अँटिव्हायरस कधी बरोबरही असतो. द ग्रेट सस्पेंडर, न वापरलेले टॅब झोपवणारं चांगलं एक्स्टेंशन, लाखो लोक वापरायचे. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. नाव तेच, आयकॉन तोच, आतला माणूस बदललेला. म्हणून रिस्टोअरआधी ती फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाका, तिथे अनेक कंपन्यांची इंजिनं एकदम तपासतात. एखादंच ओरडत असेल तर बहुधा चुकीचा गजर. ॲड-ऑनचीच फाइल टाका हं, घरची कागदपत्रं नको, तिथलं इतरांनाही बघता येतं.

दांडियाबाजार
हे पटलं. पण निदान विचारावं तरी. आपल्या घरातली वस्तू उचलायची आणि नंतर कळवायचं?

बिनसाखरेचा चहा
इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी कळांचा कीबोर्ड, शिका ना सगळे, विंडोजमध्येच मिळतं. ॲड-ऑनच नको, तर जाईल काय?

पिहूची आई
बोटं वळत नाहीत आता. सासूबाई मात्र शिकल्या, भराभर मारतात. त्यांना ज्ञ कुठे आहे ते विचारायचं असतं मला.

नारायणबाग माहेर
फोटो मिळाला. आजीच आहे. आईला दाखवला, बराच वेळ बघत बसली. जिरावन मसाला पाठवू का, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

लष्करकर
अजून एक. शब्दयादी, नोट्स, काहीही असो, ॲड-ऑनमध्ये एक्सपोर्ट असतं तर महिन्याला फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि क्वारंटाइन लवकर बघा, काही अँटिव्हायरस ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामं करतात.

पिहूची आई
थांबा, आत्ता बघितलं! माझं रेसिपी साठवणारं एक्स्टेंशन तिथेच पडलंय, मला वाटलं पिहूने उडवलं, बिचारी उगाच ओरडा खाऊन बसली. व्हायरसटोटलवर टाकते आधी. कुकर झाला की येते.