केशवसुतांचं मालगुंड
इंग्लंडात स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर बघून आलेले लोक म्हणतात, 'आपल्याकडे लेखकांची घरं अशी जपतच नाहीत'. हे काही पटत नाही बुवा. गणपतीपुळ्याला जाताच ना सगळे, मग तिथून जेमतेम दोनेक किमीवर मालगुंडला कवी केशवसुतांचं घर आहे की! कौलारू, साधंसं, कोमसापने (कोकण मराठी साहित्य परिषदेने) स्मारक करून छान ठेवलंय आणि बाहेर चक्क दगडांवर त्यांच्या कविता कोरल्यात, त्या उभं राहून मोठ्याने वाचायच्या (बायको लाजली, मी वाचल्या). १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला हा माणूस, चाळिशीही गाठली नाही, हे आठवलं की तिथल्या ओटीवर जरा गप्पच बसायला होतं. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या आवारात आम्ही दोघंच, गणपतीपुळ्याच्या देवळापाशी मात्र पार्किंगला जागा नाही.