लेकरांपुढे आईचं नाव काढा

‘आई गेलेल्या लेकरांपुढे तिचा विषय काढू नये, ती रडतात’ असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. रडू द्या की! माझी वहिनी ऐन तिशीत, डेंग्यूने आठवड्याच्या आत गेली.

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची घागर भरली, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. पाणी तिच्या लेकीनेच ओतलं. मग चुलीवर खापर, म्हणजे मांडे भाजायचं पालथं मातीचं भांडं, तापलं. माझी आई दोन्ही हातांवर मांडा, म्हणजे मोठी पातळ पुरणपोळी, फिरवत होती, तो कोपरापर्यंत पसरला तशी पोरगी बघतच राहिली. आई म्हणाली, “तुनी माय बी असाच करे.” पोरगी आधी खूप रडली, मग म्हणाली, मलाही शिकव.

आता दोघं भावंडं आपणहून विचारतात. मम्मीला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आवडायची का? आवडायची तर! सोबत ठेचा आणि वरून कच्चं तेल.