पासवर्ड नक्की कुठे ठेवायचे? बिटवॉर्डन, कीपास की क्रोम?

सांगलीकर:
मंडळी, माझे आणि बाबांचे मिळून ढीगभर पासवर्ड झालेत. नेटबँकिंग, आयआरसीटीसी, पीएफ, इन्कम टॅक्स, सगळं एका एक्सेल शीटमध्ये आणि ती शीट मेलमध्ये पडलेली. बाबांची वेगळी डायरी. क्रोम सारखं विचारतंय सेव्ह करू का, पण २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड एकत्र सांभाळणारं ॲप) जी चोरी झाली ती वाचल्यापासून सगळं एकत्र ठेवायची भीतीच वाटते. फुकट असेल तर बरं.

रात्रपाळी:
आधी ती शीट मेलमधून उडव, ट्रॅशमधून पण. लास्टपासमध्ये चोरांनी लोकांच्या व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीचे, बॅकअपच पळवले, पासवर्ड एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) होते पण वेबसाइटचे पत्ते उघडे, म्हणजे कुणाचं खातं कुठे ते कळलंच. आणि ज्याचा मास्टर पासवर्ड, म्हणजे अख्खं व्हॉल्ट उघडणारा एकच पासवर्ड, लेचापेचा त्याचं व्हॉल्ट निवांत बसून फोडता येतं, तिथे ओटीपीबिटीपी काही आड येत नाही. म्हणून ॲप कुठलंही घे, मास्टर लांबलचक हवा, चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द, गणपतीबाप्पा१२३ छाप नको. मी बिटवॉर्डन वापरतो, ओपन सोर्स आहे (कोड कुणालाही तपासता येतो), फुकटात फोन लॅपटॉप दोन्हीकडे चालतं.

फुकटचा_सल्ला:
कीपास!! पासवर्डची फाइल आपल्याच मशीनवर, कंपनीचा सर्व्हरच नाही. ती फाइल उघडायला लॅपटॉपवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. फक्त सिंक (फोन-लॅपटॉपवर तीच फाइल ठेवणं) आणि बॅकअप तुझं तूच बघायचं, डिस्क गेली आणि कॉपी नसेल तर बोंबला.

सांगलीकर:
मास्टर विसरलो तर? रीसेट असेलच ना

रात्रपाळी:
नसतो. तो त्यांच्याकडे नसतोच, मग देणार कुठून. कागदावर लिही आणि कपाटात ठेव, खरंच सांगतोय.

चहाबाज_ताई:
बाबांना ॲप शिकवायच्या भानगडीत पडू नकोस, डायरी राहू दे, नेटवरचा चोर घरातली डायरी वाचत नाही. फक्त एटीएमचा पिन त्यात नको. त्यांना खरा धोका फोन करून ओटीपी मागणाऱ्यांचा आणि खोट्या लिंकचा. तुझ्यासाठी मात्र मॅनेजर बरा, कारण साइट खोटी असली की पत्ता जुळत नाही आणि तो पासवर्ड भरतच नाही, तिथेच शंका यायला पाहिजे.

सांगलीकर:
हे माहीतच नव्हतं. बिटवॉर्डन टाकतो मग. पण आमच्या बँकेची साइट पासवर्ड पेस्टच करू देत नाही, तिथे काय?

फुकटचा_सल्ला:
ऑटोफिल करून बघ, म्हणजे ॲपलाच पासवर्ड भरू दे, कधी कधी चालतं. नाहीतर त्या एका बँकेला हाताने टाइप करता येईल असा ठेव, बाकी सगळीकडे ॲपलाच बनवू दे.