मदत हवी आहे: विसर्जनानंतर आमची वेबसाइटही बुडते

मंडळी, नमस्कार. गेली काही वर्षं इथे नुसती वाचत असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही गरजेपोटी.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पडवी, वर पत्रे आणि फळ्यांवर रांगेने बसलेले गणपती. सासऱ्यांची ही दुसरी पिढी. फक्त शाडू, ६ इंचांपासून दोन फुटांपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आखणी काही जमेना (मूर्तीचे डोळे आखायला जो हात लागतो तो माझा नाही), म्हणून हिशेब, फोन आणि 'ते कॉम्प्युटरचं' माझ्याकडे आलं.

२०२४ पर्यंत आमची वेबसाइट म्हणजे गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर (शोधलं की धंद्याचा पत्ता, फोन दाखवणारी नोंद) फुकट मिळायची ती एकपानी साइट. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्याच बंद केल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर आलेला माणूस निदान प्रोफाइलवर तरी पोचायचा, पुढे तेही थांबलं. आमचा ऐन हंगाम. घाईघाईत एका एजन्सीकडून वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) साइट करून घेतली, २८ हजार मोजले. दिसायला देखणी आहे, नाही म्हणत नाही. उघडली की गणपती डावीकडून उजवीकडे सरकतात.

पण तेव्हापासून गूगलवरून येणारे फोन जवळजवळ बंद झालेत. 'शाडूचा गणपती पेण' असं शोधलं तर आम्ही तिसऱ्या-चौथ्या पानावर. आणि आमच्याकडून कच्च्या मूर्ती नेऊन, रंगवून विकणारे मुंबईतले दोन दुकानदार पहिल्या पानावर. हे जरा लागतं.

एजन्सी आता म्हणते की महिना १५ हजार द्या, २००० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणारे दुवे) टाकतो, ९० दिवसांत पहिलं पान, गॅरंटी. सासरे म्हणतात, 'मूर्ती बघायला माणूस दारात आला पाहिजे, बाकी सगळं थोतांड.' नवरा म्हणतो देऊन बघू. मला दोघांचंही पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. मी कॉमर्सची पदवीधर आहे, त्यामुळे समजेल अशा भाषेत.

उंटावरचा शहाणा
ताई, आधी ते १५ हजार खिशात ठेवा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय. विकतच्या लिंकांचा धंदा गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणून मोडायला घेतला. आज बहुतेक वेळा अशा लिंका गूगल मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. नशीब अगदीच फुटकं असेल तर साइटवर कारवाई होते, आणि मग ती धुऊन काढायचे पैसे वेगळे.

आता तीन गोष्टी करून सांगा. एक, गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहा, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता. कोणती पानं दिसतात? दोन, सर्च कन्सोल (गूगल शोधातून साइटवर किती क्लिक येतात हे दाखवणारं गूगलचं साधन) जोडलेलं आहे का? तीन, गेल्या वर्षीच्या मूर्तींचं पान आज कुठे आहे?

धागाकर्ती
धन्यवाद दादा. पानं सात दिसली. त्यातल्या दोघांचं शीर्षक नुसतं 'होम' आणि एक 'सॅम्पल पेज'! सर्च कन्सोल माझ्या मामेभावाने जून २०२४ मध्येच जोडून दिलं होतं, मी कधी उघडलं नाही. गेल्या वर्षीचं पान एजन्सीने काढलं. विसर्जन झालं की जुनं काढायचं, म्हणाले. २०२५ चं पान नवीन केलं, ते ५ जुलैला चढलं. तेही आता काढलंय. सध्या तिथे 'लवकरच येत आहोत' अशी पाटी आहे.

उंटावरचा शहाणा
सापडलं. तुम्ही गणपतीबरोबर पानाचंही विसर्जन करताय.

कसं होतं ते सांगतो. पानाचा पत्ता हा दुकानाच्या पत्त्यासारखा असतो. गूगल येऊन बघतं, लोक त्यावर येतात, कोणी आपल्या ब्लॉगवर त्याचा दुवा देतं, आणि हळूहळू त्या पत्त्याची पत जमते. तुमच्या पत्त्याच्या शेवटी वर्ष आहे, आणि वर्ष संपलं की पान मरतं. मग पुढच्या जुलैत एक अनोळखी पान शून्यापासून सुरू होतं. त्याची गूगलशी धड ओळख व्हायच्या आत चतुर्थी येते. ते दोन दुकानदार तुमच्यापेक्षा हुशार असतीलच असं नाही, त्यांचं पान फक्त जागचं हललं नसेल.

उपाय फुकट आहे. पत्त्यात वर्ष नसलेलं एकच कायमचं पान करा. वर्ष शीर्षकात टाका, ते दरवर्षी बदला. २०२४ आणि २०२५ च्या मेलेल्या पत्त्यांवरून या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं) लावा, वर्डप्रेसमध्ये त्यासाठी फुकट प्लगिन आहेत. हंगाम संपला की पान काढायचं नाही. 'या वर्षीचं बुकिंग संपलं, पुढची चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६' एवढं लिहा आणि फोटो राहू द्या.

आणि ती 'लवकरच येत आहोत' आज उतरवा. माघी गणपती २२ जानेवारी २०२६ ला आहे ना? त्याची मूर्ती शोधणारा माणूस आत्ता येऊन तुमची पाटी बघून परत जातोय.

धागाकर्ती
माघीच्या तीसेक ऑर्डर असतात दरवर्षी, सगळ्या ओळखीतल्या. वेबसाइटवर माघीचा म सुद्धा नाही. डोक्यालाच हात लावला.

सर्च कन्सोल उघडलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये क्लिक आदल्या वर्षीच्या निम्मेही नाहीत असं दिसतंय. इतकी घसरण?

तिथीवाला
वहिनी, थांबा, घाबरू नका. तुलना चुकतेय. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. यंदा सप्टेंबर उजाडला तेव्हा गौरीसुद्धा आल्या होत्या, मूर्ती कोण शोधणार? तारखेला तारीख लावू नका, चतुर्थीला चतुर्थी लावा. सर्च कन्सोलमध्ये स्वतःच्या तारखा देऊन तुलना करता येते. २०२४ साठी २० जुलै ते ६ सप्टेंबर घ्या, २०२५ साठी ९ जुलै ते २६ ऑगस्ट. दोन्हीकडे चतुर्थीच्या आधीचे सात आठवडे.

हे आजच करा आणि उतरवून ठेवा. सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडचं दाखवत नाही, तुमचा २०२४ चा हंगाम दिवसागणिक पुसला जातोय. पुढच्या वर्षी तर अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी लांबणार. तेव्हाही ऑगस्ट बघून 'पडलो, पडलो' म्हणून ओरडू नका.

धागाकर्ती
तसं लावून बघितलं. घट आहे, पण निम्मी नाही, चौथाई. जीव भांड्यात पडला. थोडासा.

रोखठोक
कशाला हे सगळं? व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाका, जुन्या गिऱ्हाइकांना पाठवा, संपला विषय. आमचं लोणच्याचं सगळं तसंच चालतं.

धागाकर्ती
ते करतोच. पण जुनं गिऱ्हाईक पुण्याहून बंगळूरला जातं, कोणी मुलाकडे परदेशी जातं. नवीन माणूस आमचा नंबर कुठून आणणार?

पिक्सेलपुराण
साइटची लिंक व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवलीत, बघितली. फोनवर उघडायला माझ्याकडे अकरा सेकंद लागले. सगळ्यात मोठा फोटो अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. एकेक फोटो ५-६ एमबीचा आहे, कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलाय. वेबपी (फोटो हलका ठेवणारा फाइलचा प्रकार) करून दीडशे केबीच्या आसपास आणा, डोळ्यांना फरक कळत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. तुमची सरकती गॅलरी सीएसएसच्या (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडच्या) पार्श्वभूमीत फोटो टाकून केलीय. तसे फोटो गूगल इमेज शोधात घेतच नाही. त्याला साधा इमेज टॅग (पानात फोटो ठेवायचा नेहमीचा कोड) लागतो. म्हणजे तुमच्या शे-दीडशे मूर्ती गूगलच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. गणपती हा माल माणूस वाचून घेत नाही, बघून घेतो. 'लालबाग बैठक', 'फेट्याचा गणपती', 'बाळ गणेश' असं टाकून तो सरळ फोटोच बघायला जातो.

तेव्हा ते सरकणं बंद. साधी चौकटींची मांडणी करा, प्रत्येक फोटोखाली दोन ओळी मजकूर आणि पर्यायी मजकुराच्या (फोटोत काय आहे हे गूगलला सांगणाऱ्या) रकान्यात 'शाडूची मूर्ती, १२ इंच, पितांबर केशरी' असं माणसासारखं वर्णन. फाइलचं नावही आयएमजी ४५८२ नको. आणि दर, बुकिंगची तारीख वगैरे मजकूर फोटोत कोरलाय, तो बाहेर काढून टाइप करा. पोस्टर दारावर शोभतं.

सातासमुद्रापार
मी न्यू जर्सीत. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः पेणचा गणपती शोधत होते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. मला 'परंपरा', 'भक्तिभाव', 'दर्जा' यातलं काहीही वाचायचं नव्हतं. हवं होतं ते असं: मूर्तीची उंची पाटासकट की पाटाशिवाय? वजन किती, कारण एअरलाइनचं सामान किलोवर चालतं. पॅकिंग कसं, सोंड मोडली तर काय? घरी बादलीत विसर्जन केलं तर माती नळात जाऊ द्यायची की झाडांना घालायची? शेवटची कुरिअर तारीख कोणती? सहा साइट बघितल्या, एकीवरही वजन नव्हतं. शेवटी दादरहून घेतला.

उंटावरचा शहाणा
ताई, या प्रतिसादाचं प्रिंट काढून भिंतीला लावा. तुम्हाला हवं असलेलं 'कंटेंट' हेच. फोनवर लोक जे विचारतात ते वहीत लिहा, उत्तरासकट साइटवर टाका. सासऱ्यांना बसवून शाडू कशी भिजवतात, मूर्ती सावलीतच का वाळवतात हे विचारा. मुंबईतला दुकानदार ते लिहू शकणार नाही, त्याने मूर्ती वाळताना पाहिलेलीच नाही.

झटपट
एवढं कशाला? एआयला सांगा, 'ठाण्यात शाडू गणपती', 'डोंबिवलीत शाडू गणपती', 'वसईत शाडू गणपती' अशी दोनशे पानं एका दुपारी होतात.

उंटावरचा शहाणा
होतात, आणि जातातही. गावाचं नाव बदलून तेच पान छापणं याला गूगलच्या नियमांत फार आधीपासून बंदी आहे. मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकूर पाडण्याविरुद्ध नियम आणखी कडक केला, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. ठाण्याला खरोखर माल पोचवत असाल तर एका पानावर पोचवण्याची गावं, वार आणि खर्च लिहा. पुरे.

कोपऱ्यावरचा
गूगलच्या नकाशाचं कोणी बोललंच नाही. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही, पण प्रोफाइलवरची खूण बरोबर जागी आहे का? शनिवारी अलिबागला जाताना मी तुमच्या रस्त्यावरून गेलो असेन आणि कारखाना दिसला नसेल. शिवाय प्रोफाइलवर धंद्याचं नाव काय लिहिलंय?

धागाकर्ती
खूण बाजारपेठेत आहे, कारखाना तिथून दीड किलोमीटर आत. आणि नाव... एजन्सीने आमच्या नावापुढे 'बेस्ट इको फ्रेंडली शाडू गणपती मूर्ती होलसेल पेण' जोडलंय. मला वाटलं तसंच करतात.

कोपऱ्यावरचा
ते आजच काढा. दारावरच्या पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर हवं, असा नियम आहे. कोणी तक्रार केली तर प्रोफाइल बंद पडतं, आणि ते हंगामातच पडतं. अभिप्राय मागा, पण 'पाच तारे द्या, शंभर रुपये सूट' असलं काही नको, तेही नियमाबाहेर आहे. मूर्ती घरी पोचली की मखरातला फोटो पाठवा म्हणा. लोक आनंदाने पाठवतात, त्यांनाच म्हणायचं की हाच गूगलवर टाका.

आणि हो, डोमेन (साइटचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे?

धागाकर्ती
एजन्सीच्या. आत्ताच विचारलं. 'मॅडम, ते आमच्याकडेच सेफ असतं' म्हणाले.

उंटावरचा शहाणा
तर मग रँकिंग राहू दे बाजूला, आधी हे. लेखी ईमेल करा, भांडणाचा सूर नको. डोमेन तुमच्या खात्यात हलवायला ऑथ कोड लागतो तो मागा, आणि होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) व वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिनही. १५ हजारांना 'नाही' हे सगळं हातात आल्यावर सांगा. क्रम महत्त्वाचा आहे.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
खबर देते. डोमेन आलं, चार फोन आणि दोन ईमेलनंतर. १५ हजारांना नकार दिला, एजन्सी नाराज आहे. वर्ष नसलेलं पान चढलं, दोन्ही जुने पत्ते तिकडे वळवले. मराठी पान वेगळं आणि इंग्रजी वेगळं केलं, मामेभावाने दोन्हींना एचरेफलँग की काय ते (कुठलं पान कुठल्या भाषेतलं हे गूगलला सांगणारी खूण) लावून दिलं. पडवीतल्या काट्यावर प्रत्येक मापाची मूर्ती ठेवून वजन केलं. सासरे आधी वैतागले, मग स्वतःच काट्याशी बसून आकडे सांगू लागले. शाडू भिजवण्याबद्दल इतकं बोलले की तीन पानं झाली, आता कापायचं काय हा प्रश्न आहे.

गूगलवर 'शाडूचा गणपती पेण'साठी आम्ही अजून तिसऱ्याच पानावर आहोत. पण 'माघी गणपती' असलेल्या शोधांत नाव दिसायला लागलंय, आणि काल नाशिकहून एक अनोळखी फोन आला. त्यांनी वेबसाइटवर वजन वाचलं होतं.

सातासमुद्रापार
अगं, मग ९ इंचीचं किती भरलं? आणि २०२६ साठी इकडे पाठवायचा तर कधीपर्यंत सांगायचं?

धागाकर्ती
व्यनि केलाय.